इंदूर-महूच्या पावसाळी वाटा: कुठली गाडी, कोणाच्या हातात, कुठवर न्यायची?

रामबागवाला (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमचा पाच गाड्यांचा ग्रुप आहे, सगळे इंदूरचेच. ऑगस्टमधल्या एका रविवारी महूच्या पुढे घाटाकडे उतरायचं चाललंय, चोरल-काळाकुंडच्या बाजूला, खाली नदीपाशी डबे खायचे आणि संध्याकाळपर्यंत परत. गाड्या अशा: माझी जिम्नी, आतेभावाची थार डिझेल फोर-बाय-फोर, एका मित्राची थार पण रिअर व्हील ड्राइव्ह, एक जुनी जिप्सी, आणि ऑफिसमधल्या एका साहेबांची नवी गुरखा. चालवणाऱ्यांचं म्हणाल तर जिप्सीवाला मुरलेला आहे, आतेभाऊ हायवेला एक नंबर पण कच्च्यात नवा, गुरखावाल्या साहेबांनी गाडी घेतल्यापासून फोर-लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) एकदाही टाकलेला नाही.

व्हॉट्सॲपवर तीन दिवस वाद चालू आहे. एकजण म्हणतो वाट एकदम सोपी, मी मे महिन्यात बाइकने जाऊन आलोय. दुसरा म्हणतो वेडे आहात का, पावसात तिकडे ट्रॅक्टर अडकतात. बरोबर बायकामुलं असतील म्हणून मला हे हवेत नाही ठरवायचं. वाट सोपी की अवघड हे बघायचं कसं, आणि त्यातली कुठली वाट कुठल्या गाडीला आणि कुठल्या ड्रायव्हरला झेपेल हे जुळवायचं कसं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.


जिप्सी_काका (सोमवार, रात्री ११.१५)

रामबागवाले, प्रश्न फार चांगला विचारलात, निघायच्या आधी विचारलात हे त्याहून चांगलं.

मे महिन्यातल्या बाइकवाल्याचं म्हणणं बाजूला ठेवा. तो खोटं बोलत नाहीये, पण त्याने पाहिलेली वाट आता तिथे नाही. आपल्या माळव्यात वाटेचा अवघडपणा चढावर नंतर ठरतो, मातीवर आधी ठरतो. पठारावर सगळी काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, दगडासारखी कडक होते, त्यावरून अल्टो पण जाते. हीच माती पाणी पिऊन फुगते आणि मग टायरला अशी धरते की पंधरावीस फुटांत टायरच्या सगळ्या खाचा भरून जातात, गुळगुळीत काळा चक्का फिरायला लागतो. तुम्ही खाली उतरून चार पावलं चाला, बुटाला दोन-दोन किलोचे गोळे लागतात, पाचव्या पावलाला बूट मातीत आणि पाय बाहेर. तिथे टायर एटी (ऑल टेरेन, कच्च्या वाटेचा) आहे की साधा याने फार फरक पडत नाही. म्हणून शेताशेतातून जाणारी सपाट, निरुपद्रवी दिसणारी पाणंद ही पावसानंतर आपल्याकडची सगळ्यात अवघड वाट असते.

याउलट घाटाच्या कडेला मुरूम आणि कातळ लागतो. मुरमातून पाणी निथळतं. रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी चार तास उघडीप मिळाली की मुरमाचा चढ चालवण्यासारखा होतो, पठारावरची पाणंद मात्र दोन-तीन दिवस तशीच राहते. लोक नेमके उलटा हिशोब करतात, चढ बघून घाबरतात आणि सपाटी बघून निर्धास्त होतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे आणि नर्मदेचं खोरं दीडशे-दोनशेवर. म्हणजे आपण वरती राहतो आणि फिरायला खाली जातो. सह्याद्रीत पुण्या-मुंबईची मंडळी आधी चढतात, नाही जमलं तर तिथूनच मागे फिरतात, उतार त्यांना घरी नेतो. आपलं उलटं आहे. सकाळी ताजेतवाने असताना उतार, गाडी आपोआप खाली घरंगळते, सगळ्यांना वाटतं वा काय चालवतोय. आणि दुपारी जेवून, दमून, वरून पाऊस सुरू झाल्यावर तोच उतार चढायचा. म्हणून आमच्या जुन्या मंडळींचा एक नियम आहे: जो चढ आज, याच ओलीत, आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या ड्रायव्हरला सगळ्यात कमजोर गाडी घेऊन चढता येणार नाही तो उतरायचाच नाही. वरच्या टोकाला गाड्या लावा, खालपर्यंत चालत जा, वर येताना प्रत्येक वळणावर थांबून चढणाऱ्या गाडीच्या नजरेने बघा. अर्धा तास जातो, पण निर्णय तिथेच होतो.


भंवरकुआं_एक्सप्रेस (मंगळवार, सकाळी ८.०५)

काका मान्य, पण भिया थार फोर-बाय-फोर आणि गुरखा असताना एवढा विचार कशाला? गुरखाला तर पुढेमागे दोन्ही डिफ लॉक आहेत, कंपनीच ७०० मिमी पाण्यातून जाते म्हणते. अशा गाडीला आपल्याकडच्या घाटात काय होणारे? मला तर वाटतं गाडी तगडी असली की नवा ड्रायव्हर पण निभावून जातो, तेवढ्यासाठीच तर लोक पैसे घालतात.


पिथमपूर_सेकंड_शिफ्ट (मंगळवार, दुपारी १.३०)

मी गाड्यांच्याच लाइनमध्ये आहे आणि गुरखा आपल्या पिथमपूरलाच बनते म्हणून मला तिच्याबद्दल जिव्हाळा आहे, पण एक्सप्रेस भाऊ, तुमचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे.

आधी डिफ लॉक म्हणजे काय ते बघू. डिफ म्हणजे डिफरेन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा भाग. साध्या ओपन डिफचं काम असं की दोन्ही चाकांना सारखाच जोर द्यायचा. एक चाक हवेत लटकलं किंवा चिखलात गेलं की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही, मग जमिनीवर टेकलेल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य मिळतो. फोर-बाय-फोर गाडी दोन तिरक्या खड्ड्यांत अशी उभी राहिली की पुढचं डावं आणि मागचं उजवं दोन्ही हवेत, तर चारचाकी ताकद असूनही गाडी जागच्या जागी दोन चाकं फिरवत बसते. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि टेकलेलं चाक गाडी ओढतं. गुरखात हे लिव्हर ओढून हाताने होतं. थारच्या काही मॉडेलला मागे मेकॅनिकल लॉक आहे, एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जोरात फिरायला लागलं की तो आपोआप धरतो. जिम्नीला लॉक नाही, ती फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर पाठवते. जुन्या जिप्सीला यातलं काहीच नाही.

आता यात ड्रायव्हर कुठे येतो बघा. गुरखाचा लॉक अडथळ्याच्या आधी लावायचा असतो, चाक जोरात फिरत असताना नाही. पुढचा लॉक लावल्यावर स्टिअरिंग इतकं जड होतं की गाडी वळायला बघत नाही, सरळ जाते. आणि घाटातल्या वाटेला वळण असतंच. ज्यांनी फोर-लो एकदाही टाकला नाही त्या साहेबांना हे त्या वळणावर, दरीच्या बाजूला, पहिल्यांदा कळणार. थारमध्ये आणि जिम्नीत लोक चाक फिरायला लागलं की घाबरून रेस सोडतात, म्हणजे सिस्टिम काम सुरू करणार तेवढ्यात तिला बंद पाडतात. तिथे रेस थोडी, एकसारखी धरून एक-दोन सेकंद थांबावं लागतं. हे वाचून येत नाही, पायाला सवय लागते.

ग्राउंड क्लिअरन्स लोक फार बोलतात. थार २२६ मिमी, जिम्नी २१०, नवी गुरखा २३३. फरक बोटभर. त्यापेक्षा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर बघा: जिम्नी पाच दरवाजांची आहे, २५९० मिमी, थार २४५०, म्हणजे तीव्र उंचवट्यावर जिम्नीचं पोट आधी टेकतं. जिम्नीचा मधला अँगल, म्हणजे पोट न टेकता ती ओलांडेल त्या उंचवट्याचा, २४ अंश आहे, थारचा दोन-तीन अंश जास्त. उलट चिखलात जिम्नी १२०० किलोची, थार तिच्यापेक्षा पाचशे किलोहून जास्त जड, तिथे जिम्नी वरवर तरंगत निघून जाते आणि थार रुतते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच वाटेवर, उंचवट्याला थार पुढे आणि गाऱ्यात जिम्नी पुढे. नुसता ‘कुठली गाडी भारी’ हा प्रश्न मला म्हणून पटत नाही, वाटेवर काय काय आहे ते आधी सांगा, मग गाडीचं बोलू.

आणि ते ७०० मिमी स्थिर पाण्याचं असतं. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं, ते महूकर लिहितील तर बरं.


वैशाली_फोर_लो (मंगळवार, रात्री १०.२०)

पिथमपूर भाऊंनी गाडीचं लिहिलं, मी चालवणाऱ्याचं लिहिते कारण त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. ‘मी वीस वर्षं गाडी चालवतोय’ हे वाक्य प्रत्येक ट्रिपच्या आधी ऐकू येतं. रस्त्यावरची वीस वर्षं इथे थोडी आडच येतात, कारण रस्त्यावर घाबरलं की पाय ब्रेक आणि क्लचवर जातो आणि तिथे तेच बरोबर असतं. उतारावर, ओल्या मुरमावर, फोर-लो पहिल्या गिअरमध्ये गाडी इंजिनावर धरून खाली येत असते, तिथे क्लच दाबला की गाडी सुटते, आणि ब्रेक जोरात दाबला की चाकं लॉक होऊन घसरगुंडी.

ग्रुपमध्ये कोण कुठल्या पातळीचा हे विचारून कळत नाही, करून घ्यावं लागतं. आम्ही आधीच्या रविवारी शहराबाहेर परवानगी काढून एखाद्या मोकळ्या मुरमाच्या जागेवर सगळ्यांना बोलावतो आणि तीन-चार कामं देतो. फोर-लो टाकून दाखव (बरेच जण इथेच अडतात, गाडी थांबवून न्यूट्रलला आणायची हेच माहीत नसतं). दोन्ही पाय पेडलवरून काढून पहिल्या गिअरमध्ये उतर. स्पॉटर (बाहेरून हाताने वाट दाखवणारा माणूस) उभा करून फक्त त्याच्या हाताकडे बघत दोन दगडांवरून चाकं ने, स्वतः खिडकीतून वाकून बघायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फसलेला चढ. म्हणजे मुद्दाम अर्ध्या चढावर गाडी थांबवायची आणि मागे यायचं. इथे माणूस ओळखू येतो. गाडी थांबते, इंजिन बंद पडतं, समोर फक्त आकाश आणि बॉनेट दिसतंय, शेजारचा ओरडतोय. नवा माणूस यात हमखास दोन गोष्टी करतो, एकतर क्लच दाबून गाडी न्यूट्रलसारखी मागे सोडतो, नाहीतर स्टिअरिंग फिरवून गाडी वळवायला बघतो. चढावर गाडी आडवी झाली की उलटते, त्यात गाडीचा ब्रँड कामाला येत नाही. बरोबर पद्धत अशी की ब्रेक धरून ठेवायचा, रिव्हर्स टाकायचा, स्टिअरिंग सरळ, इंजिन चालू करून क्लच पूर्ण सोडायचा आणि ब्रेक अलगद सोडत ज्या चाकोरीने वर गेलो त्याच चाकोरीने आरशात बघत सरळ मागे यायचं. हे ज्याला लहान चढावर तीनदा शांतपणे जमलं त्याला मी घाटात नेईन, मग त्याची गाडी साधी जिप्सी का असेना. ज्याला नाही जमलं त्याला नवीकोरी गुरखा असली तरी नेणार नाही, किंवा नेईन पण शेजारच्या सीटवर.

रामबागवाले, तुमच्या आतेभावाला आणि साहेबांना आधी हे करायला लावा. महिंद्राची ट्रेनिंग अकादमी इगतपुरीला आहे, तिथे रीतसर शिकता येतं, जमलं तर जरूर जावं, पण ऑगस्टच्या आत एक रविवार मैदानावर घालवणं तरी आपल्या हातात आहे.


भंवरकुआं_एक्सप्रेस (मंगळवार, रात्री १०.५५)

ताई, स्टिअरिंग फिरवून वळवायचं हेच मी केलं असतं खरं सांगू तर. हे कोणी सांगतच नाही. थँक यू.


महूकर (बुधवार, सकाळी ७.१०)

पाण्याबद्दल. मी याच पट्ट्यातला, लहानपणापासून चोरल आणि पाताळपाणी बघतोय.

या बाजूच्या नद्या-नाल्यांचं एक लक्षात ठेवा, पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वर पठारावर पडलेल्या पावसाने वाढतं. खाली ऊन असतं, मुलं पाण्यात खेळत असतात आणि वरून लोंढा येतो. २०११ च्या जुलैमध्ये पाताळपाणीला असाच अचानक लोंढा आला आणि माणसं धबधब्यावरून वाहून गेली, इंदूरला आजही कोणाला विचारा, आठवतं. त्यामुळे नदीपाशी जेवायचं असेल तर गाड्या आणि माणसं दोन्ही परतीच्या काठावर ठेवा. नदी ओलांडून पलीकडे सतरंजी टाकलीत आणि पाणी चढलं तर रात्र तिकडेच. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की त्याच क्षणी उठायचं, जेवण अर्धं असलं तरी.

रपटे, म्हणजे नाल्यावरचे बुटके फरशी-पूल, तर जास्त फसवे. सिमेंटचा रपटा आहे, वरून पाणी चाललंय, तळ पक्का आहे हे माहीत असतं म्हणून लोक गाडी घालतात. एक फूट वाहतं पाणी छोट्या गाडीला ढकलतं, दोन फुटांत बहुतेक एसयूव्ही हलतात कारण गाडी तरंगायला लागली की टायरवर वजनच राहत नाही. कंपनीचा आकडा इंजिनात पाणी शिरण्याचा आहे, वाहून जाण्याचा नाही. आणि रपट्याची कड पावसात तुटलेली असते, ती वरून दिसत नाही. आमच्याकडे साधं आहे: माणसाने काठी घेऊन, कमरेला दोर बांधून आधी चालून बघायचं, ज्या पाण्यातून माणूस आरामात चालू शकत नाही त्यातून गाडी नाही. चालता आलं तर फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, हळू घुसायचं, पुढे लाट तयार झाली की तिच्या मागोमाग त्याच वेगाने जायचं, मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, पाणी सिलिंडरमध्ये असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

अजून एक, मनापासून सांगतो. ऑगस्टमध्ये शेतात सोयाबीन उभं असतं. पाणंदीत गारा झाला म्हणून बाजूच्या शेताच्या कडेने गाडी घालतात, पाच गाड्या गेल्या की शेतकऱ्याच्या दोन ओळी गेल्या. मग गावाने वाट बंद केली की आम्हाला राग येतो. चोरलकडचा बराच भाग जंगलखात्याचा आहे, तिथे रेंज ऑफिसला विचारल्याशिवाय आत शिरू नका, आणि राळामंडळ तर अभयारण्यच आहे, तिथे हा विषयच नाही.


न्यूजर्सीतला_इंदुरी (बुधवार, रात्री ८.३०)

धागा वाचून आनंद झाला. इकडे वाटांना नंबर देतात. युटामध्ये मोआब म्हणून गाव आहे, तिथला जीपवाल्यांचा क्लब १ ते १० असं रेटिंग देतो. काही राज्यांत हिरवा, निळा, काळा असे रंग असतात. कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ही सगळ्यात अवघडांपैकी एक, तिथे कंपनीतून आली तशी साधी गाडी सहसा पुरत नाही. प्रत्येक वाटेच्या माहितीत लिहिलेलं असतं की टायर किती इंचाचा हवा, लॉकर (डिफ लॉक) लागेल का. आपणही इंदूरच्या आसपासच्या वाटांची अशी नंबरवारी करावी का?


जिप्सी_काका (बुधवार, रात्री ९.५०)

करावी, पण एक मोठा फरक धरून. मोआबचा खडक कोरडा असतो, वाळवंट आहे ते. आज ४ असलेली वाट पुढच्या महिन्यातही साधारण ४ राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये एकाच वाटेचा नंबर आठवड्यात दोनदा बदलतो. म्हणून मी वाटेला तीन नंबर देतो, कोरडी असताना, पावसानंतर एक दिवस उघडीप मिळाल्यावर, आणि भर पावसात. सिमरोलच्या पुढची एखादी मुरमाची उतरण कोरडी २ असेल तर उघडीप मिळाल्यावर ३ आणि भर पावसात ५. पठारावरची काळ्या मातीची पाणंद कोरडी १, पण नंतर थेट ७. आणि शेवाळलेला कातळ असेल तर ऊन पडलं तरी आकडा उतरत नाही, झाडीखाली तो ऑक्टोबरपर्यंत निसरडा असतो.

आणि उतरायचा नंबर वेगळा, चढायचा वेगळा. हे मात्र अमेरिकेच्या कागदावर मिळणार नाही, ते आपणच लिहायला पाहिजे.


रामबागवाला (बुधवार, रात्री ११.३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपमध्ये हा धागा टाकला, दोघांचा सूर लगेच बदलला. साहेबांनी स्वतःहून मैदानाच्या रविवारासाठी हो म्हटलं.

एक नाजूक प्रश्न उरतो. रिअर व्हील ड्राइव्ह थारवाला मित्र. त्याला ‘तू येऊ नको’ म्हणणं कठीण जातंय, तो म्हणतो दिसायला सारखीच गाडी आहे, टायर पण सारखेच, ओढून काढाल मला. काय करावं?


पिथमपूर_सेकंड_शिफ्ट (गुरुवार, दुपारी १.४५)

दिसायला सारखी आहे हेच तर अवघड आहे. टू-व्हील थारमध्ये ट्रान्सफर केसच (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा गिअरबॉक्स) नाही, म्हणजे फोर-लो नाही. अवघड फक्त चढताना पुढची चाकं ओढणार नाहीत एवढंच नाही, उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवण्याची ताकदही कमी, ब्रेकवरच उतरावं लागणार, आणि वैशालीताईंनी लिहिलं तसं ओल्या मुरमावर ब्रेक म्हणजे घसरण. चढताना तो रेस मारून वेगाने चढायला बघणार, म्हणजे दगडावर उसळी, चेंबर फुटलं तर तेल वाटेवर. कोरड्या, मोकळ्या मुरमावर तीच गाडी खुशाल फिरते, त्यात काही वाद नाही.

‘ओढून काढाल’ या भरवशावर गाडी नेणं मला अजिबात मान्य नाही. प्रत्येक ओढाओढ ही धोक्याची वेळ असते. स्ट्रॅप तुटला किंवा हुक निसटला तर तो लोखंडाचा तुकडा गोळीसारखा येतो, यात जगभर माणसं मेलेली आहेत. मागच्या टो-बॉलला स्ट्रॅप कधीच अडकवायचा नाही, तो ट्रेलर ओढायला असतो, झटक्याला नाही. कंपनीचा टो-पॉइंट, रेटेड शॅकल, स्ट्रॅपच्या मध्यावर ओली सतरंजी किंवा जड पोतं, आणि बघे लोक स्ट्रॅपच्या लांबीच्या दीडपट लांब. मोबाइलवर शूटिंग करणारा सगळ्यात जवळ उभा राहतो, त्याला आधी हटवा.


वैशाली_फोर_लो (गुरुवार, रात्री ९.१५)

मित्राला गाडी वर ठेवायला सांगा आणि माणूस खाली घेऊन जा. गाडी मुरमाच्या टोकाला, गावात कोणाला सांगून लावायची, तो जिप्सीत किंवा तुमच्या जिम्नीत स्पॉटर म्हणून बसेल. आमच्याकडे असंच करतात आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही कारण स्पॉटरचं काम ड्रायव्हरपेक्षा कमी नाही. चांगला स्पॉटर असला की नवा ड्रायव्हर एक पायरी वरची वाट करू शकतो. उलट ओरडणारे पाच स्पॉटर असले की मुरलेला माणूसही चुकतो. म्हणून स्पॉटर एकच, बाकीच्यांनी गप्प.

त्याने पुढच्या वर्षी फोर-बाय-फोर घ्यायचं ठरवलं तर तोवर त्याची नजर तयार झालेली असेल.


महूकर (गुरुवार, रात्री १०.०५)

वैशालीताईंना अनुमोदन. वर गावात गाडी लावायची असेल तर शाळेच्या किंवा पंचायतीच्या अंगणात विचारून लावा, झाडाखाली नको, पावसात फांद्या पडतात.


जिप्सी_काका (शुक्रवार, सकाळी ६.५०)

रामबागवाले, आता तुमच्या खाली न्यायच्या चार गाड्यांचं सरळ लिहितो, पटलं तर घ्या.

सगळ्यात पुढे जिप्सी. ती हजार किलोच्या आसपासची, तिच्यात काही इलेक्ट्रॉनिक नाही आणि चालवणारा मुरलेला, वाट कशी आहे ते त्याच्या चाकांवरून सगळ्यांना कळेल. तो जिथे अडखळला तिथे बाकीच्यांनी थांबून बघायचं. तिच्या मागे आतेभावाची थार, म्हणजे पुढच्याची चाकोरी त्याला डोळ्यासमोर दिसेल. मध्ये तुमची जिम्नी, बायकामुलं जिम्नीत आणि जिप्सीत. शेवटी गुरखा. लोकांना वाटतं तगडी गाडी पुढे हवी, पण ओढायला लागली तर वरच्या बाजूला, म्हणजे परतीच्या दिशेला, जड गाडी हवी, आणि उतरताना ती सगळ्यात मागे म्हणजेच सगळ्यात वर असते. परत चढताना क्रम बदला, गुरखा आधी चढेल आणि वर उभी राहील. चढावर एका वेळी एकच गाडी. पुढची वर पोचून बाजूला झाल्याशिवाय दुसरीने सुरू करायचं नाही.

हे सगळं साहेब आणि आतेभाऊ मैदानावर पास झाले तर. साहेबांना फसलेला चढ जमला नाही तर गुरखा त्या दिवशी जिप्सीवाल्याने चालवावी आणि जिप्सी दुसऱ्या कोणी अनुभवी माणसाने, तसा कोणी नसेल तर त्या दिवशी उतरू नका, वरच्या मुरमावरच फिरा, जानापाव डोंगराच्या पायथ्याकडे सुंदर जागा आहेत.

पावसाचा नियम असा ठेवा: आदल्या रात्री महूकडे जोरात पाऊस झाला तर पठारावरची पाणंद असलेला रस्ता रद्द, मुरमाचा रस्ता सकाळी चालून बघून. दिवसा वर पाऊस सुरू झाला तर खाली असाल तिथून लगेच चढायला लागा, जेवण वर. दुपारी तीनच्या पुढे खालच्या बाजूला थांबायचं नाही, कारण फसलात तर सोडवायला उजेड हवा.

टायरची हवा उतरण सुरू होण्याआधी कमी करा, ३२ असेल तर २० पीएसआयपर्यंत. साध्या रिमला १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिममधून निघतो. कमी हवेत डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायचं नाही, म्हणून कॉम्प्रेसर दोन गाड्यांत तरी हवा. आणि डांबरी लागल्याबरोबर फोर-बाय-फोर काढून टाकायचं. थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा, सगळ्यांची पुढची-मागची चाकं फोर-व्हीलमध्ये एकत्र बांधलेली असतात, कोरड्या डांबरावर वळताना गिअरवर ताण येऊन पार्ट तुटतात.


भंवरकुआं_एक्सप्रेस (शुक्रवार, सकाळी ९.३०)

काका, मला पण त्या मैदानाच्या रविवारी येता येईल का? माझ्याकडे गाडी नाही, पण स्पॉटरचं काम शिकायचंय.


रामबागवाला (शुक्रवार, सकाळी १०.१५)

एक्सप्रेस भाऊ, या की. सकाळी साडेसहाला छप्पन दुकानला पोहे खाऊन निघायचं ठरतंय, जागेची परवानगी आज दुपारी मिळेल, मिळाली की इथेच पत्ता टाकतो. बूट घालून या, चपला नको. वैशालीताई, तुम्हाला वेळ असेल तर फसलेल्या चढाचं तुम्हीच घ्या, आतेभाऊ तुमचंच ऐकेल असं दिसतंय, तुमचा प्रतिसाद त्याने बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.


वैशाली_फोर_लो (शुक्रवार, सकाळी १०.४०)

येते. दोन दगड आणि एक फळी घेऊन येईन, बाकी तिथे मिळेल. त्याच्या बायकोलाही चालवायला बसवू, परतीच्या चढाला गाडीत दुसरा ड्रायव्हर तयार असला पाहिजे.